जुन्या मोटारीची समुद्रयात्रा आणि तिच्यासोबतचे लोखंड

धार आणि देवास या दोन नगरांचा मोटारीशी संबंध पुष्कळ जुना आहे. दोन्ही ठिकाणी पवारांच्या गाद्या होत्या. देवासास तर थोरली पाती आणि धाकटी पाती असे दोन दरबार एकाच नगरात नांदत असत. पागेशेजारी मोटारखाना उभा राहिला तो या संस्थानी काळातच. परदेशी मोटारी त्या वेळी आपल्या देशात येत, त्यांपैकी पुष्कळ पेट्यांतून सुट्या भागांनी येत. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईस शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला आणि गोदीत उतरलेल्या पेट्या उघडून त्यांतील लोखंडाची मोटार करण्याचे काम तेथे चालू झाले. शेजारच्या इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या ड्यूसेनबर्ग मोटारीची कथा तर याहून मौजेची आहे. तिची चासी अमेरिकेत बनली, ती अटलांटिक ओलांडून लंडनला गर्नी नटिंग यांच्या कारखान्यात गेली आणि तेथे तिच्यावर सांगाडा चढला. तात्पर्य, अपुरी किंवा सुटी मोटार समुद्रावरून नेण्याची गोष्ट मालव्यास अपरिचित नाही. जड भाग निराळे बांधावेत आणि निराळे मोजावेत, हे त्या पिढीतील लोकांच्या अंगवळणी पडलेले होते. आपण ते विसरलो आहोत.

आज प्रवाह उलटा वाहतो आहे. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची मुले-नातवंडे परदेशी स्थायिक झाली आहेत आणि वडिलांची किंवा आजोबांची मोटार आपल्याकडे न्यावी अशी इच्छा त्यांच्यापैकी काहींना होते. तेथे तिचे सुटे भाग मिळत नाहीत. म्हणून इंजिन, गिअरबॉक्स, कमानी, सिलिंडर हेड असे सामान येथूनच जमवून सोबत धाडावे, हा विचारही ओघाने येतो. मग प्रश्न निघतो की हे सामान मोटारीतच का भरू नये? मोटार तर रिकामीच चालली आहे!

हा प्रश्न आम्हांसही एकदा पडला होता आणि त्याचे उत्तर आम्ही चुकीचे दिले. काही वर्षांपूर्वी धार येथील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने १९६४ची अँबॅसडर इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहणाऱ्या नातवाकडे पाठविली. सुट्या भागांचा धंदा आमच्या पेढीचा. सामान आम्हीच जमविले आणि आम्हीच भरले. गिअरबॉक्स गोणपाटात गुंडाळून मागील आसनापुढील जागेत ठेवला. डिकीत क्रँकशाफ्ट, सिलिंडर हेड, डायनामो आणि कमानींचे दोन जोड. एकूण वजन अडीचशे किलोंच्या वर. बीजकावर मात्र एकच ओळ होती: वापरलेली मोटार, नग एक. कोणास फसवावे असा हेतू आमच्या मनात नव्हता. घरचेच सामान घरच्या गाडीत चालले आहे, त्याची नोंद कशास, एवढाच आमचा विचार. मोटार पोहोचली तेव्हा डिकीचा पत्रा खचलेला, मागील कमान बसलेली, आणि सुटलेल्या गिअरबॉक्सने पुढील आसनाची पाठ मोडलेली. त्याच आसनावर त्या मुलाचे आजोबा चाळीस वर्षे बसत आले होते. याउपर, तेथील जकात-अधिकाऱ्यांस कागदावर नसलेले सामान सापडले म्हणून गाडी अडकून राहिली. दंड आणि गोदीतील जागेचे भाडे मिळून जी रक्कम झाली तीत ते सर्व भाग दोनदा विकत घेता आले असते. त्या मुलाने आम्हांस बोल लावला नाही. त्यामुळे ही गोष्ट आम्हांस अधिकच लागून राहिली, आणि या स्मरणिकेसाठी विषय मागितला गेला तेव्हा प्रथम हीच आठवण झाली.

तथापि सामान कोठे ठेवावे याच्या आधी एक प्रश्न आहे: मोटार देशाबाहेर जाऊ शकते काय? येथे वर्षांचा हिशेब नीट करावा लागतो. १ जानेवारी १९५० पूर्वी बनलेल्या मोटारी आपल्या निर्यात-धोरणात निर्बंधित सदरात मोडतात आणि परकीय व्यापार महासंचालनालयाच्या परवान्यावाचून त्या बाहेर जाऊ शकत नाहीत. याच नोंदीत ‘त्यांचे सुटे भाग’ हे शब्दही आहेत, आणि व्यापाऱ्याच्या नजरेतून नेमके तेच निसटतात. म्हणजे १९३८च्या मोटारीचा जुना रेडिएटर नव्या गाडीच्या डिकीत टाकून पाठविला, तरी तो निर्बंधित मालच होय. मोटारसायकलींस असाच नियम असून तेथे मर्यादा १९४० सालाची आहे. धोरणाची यादी वेळोवेळी बदलते. तेव्हा सौदा करण्यापूर्वी ती पाहून घ्यावी.

१९२०च्या सुमारास बनलेल्या मोटारींनी आता शंभरी ओलांडली आहे, हेही ध्यानात ठेवावे. शंभर वर्षांच्या वस्तूंविषयी १९७२चा पुरावशेष आणि कलानिधी यांचा कायदा आहे आणि त्याखाली येणारी वस्तू खाजगी माणसास निर्यात करताच येत नाही. अशी गाडी कोणाच्या वाड्यात असेल तर तिच्याविषयी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचा लेखी अभिप्राय घेतल्याखेरीज एक पाऊलही टाकू नये. हे नियम उगाच झालेले नाहीत. १९४८ मध्ये संस्थाने मध्यभारतात विलीन झाली, १९७१ मध्ये तनखे बंद झाले, आणि त्या अवधीत देशभरच्या मोटारखान्यांतील उत्तमोत्तम गाड्या मिळेल त्या किमतीस परदेशी गेल्या. राजकोटच्या ठाकोरसाहेबांची १९३४ची ‘स्टार ऑफ इंडिया’ ही रोल्स-रॉइस अशीच गेली होती. ती परत आणण्यासाठी त्याच घराण्यास पुढे लिलावात बोली लावावी लागली.

मोटार केवळ प्रदर्शनासाठी नेऊन परत आणावयाची असेल तर ‘कार्ने’ नावाचा दस्तऐवज असतो. मोटारीचा हा एक प्रकारचा पासपोर्टच. गाडी ठरलेल्या मुदतीत परत येईल याची हमी त्यात असते. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथील प्रसिद्ध प्रदर्शनात ब्रिटिश अमदानीतील हिंदुस्थानी मोटारींचा स्वतंत्र वर्ग ठेवला होता. अशा यात्रेतही सोबत नेलेले जड भाग दस्तऐवजात लिहावे लागतात, आणि परत येताना ते मोजून दाखवावे लागतात.

आपल्या बहुसंख्य सभासदांचा संबंध येतो तो १९५० नंतरच्या गाड्यांशी, आणि त्यांतही अँबॅसडरशी. उत्तरपाडा येथे १९५७ पासून २०१४ पर्यंत ही गाडी बनत होती. हिंदुस्थान मोटर्सचा इंजिनांचा कारखाना इसुझूच्या सहकार्याने आपल्याच धार जिल्ह्यात पीथमपूर येथे निघाला होता आणि गिअर बनविणारे म्हणून देवासचे नाव देशभर आहे. त्यामुळे अँबॅसडरचे जड भाग जमविणे मालव्यात जितके सोपे तितके अन्यत्र क्वचितच असेल. मोह होतो तो यामुळेच.

आता वजनाचा विचार करू. पुष्कळांचे म्हणणे असे की, जी गाडी पाच माणसे घेऊन चालते, म्हणजे साडेतीनशे किलो सहज वाहते, तिला तीनशे किलो लोखंडाचे काय ओझे? हे म्हणणे वरवर बिनतोड दिसते. पण माणसे बसतात ती दोन चाकांच्या मध्ये, गादीवर, वजन पसरून. डिकीतील लोखंड मागील आसाच्याही पलीकडे असते आणि तराजूच्या दांडीप्रमाणे गाडीचे तोंड वर उचलते. क्रँकशाफ्टचे सारे वजन पत्र्याच्या चार बोटे जागेवर येते. शिवाय माणसे घरी पोहोचली की उतरतात. हे लोखंड महिना-दीड महिना उतरत नाही.

समुद्रावर जहाज एका बाजूस कलते आणि परत येते. एका हेलकाव्यास पंधरा सेकंद धरले तरी दिवसाचे ५,७६० हेलकावे झाले आणि तीस दिवसांच्या प्रवासात ते पावणेदोन लाखांच्या घरात जातात. प्रत्येक हेलकाव्यास कमान थोडी दबते, थोडी उठते. मोटारीस कंटेनरच्या तळाशी बांधणारे पट्टे तिच्या सांगाड्यावरून घेतलेले असतील तर कमान दबताच ते ढिले पडतात, आणि ढिल्या पट्ट्यास पुढचा हेलकावा झटक्याने ताणतो. म्हणून पट्टे चाकांस किंवा आसांस बांधण्याची रीत आहे. अशी बांधलेली रिकामी मोटार आपल्या कमानींवर डुलत सुखरूप जाते. तिच्यात तीनशे किलो भरले की डुलण्याचे धक्के होतात.

या धक्क्यांचे मापही ठरलेले आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना आणि संयुक्त राष्ट्रसंघाचा युरोपीय आर्थिक आयोग यांनी मिळून २०१४ मध्ये कंटेनर भरण्याची एक संहिता तयार केली. खवळलेल्या समुद्रावर मालास आडवा जोर त्याच्या वजनाच्या ०.८ पट बसतो असे धरून बांधणी करावी, असे तीत सांगितले आहे. जहाजाच्या लांबीच्या दिशेने हा आकडा ०.४ आहे. म्हणजे १५० किलोचे इंजिन १२० किलोच्या जोराने बाजूस जाऊ पाहते. गोणपाट आणि सुतळी यांची तेथे काय मातब्बरी? आणखी एक आकडा आपल्या लोकांनी विशेष लक्षात घ्यावा. रस्त्यावर ब्रेक लागताच पुढच्या दिशेने बसणारा जोरही ०.८ पटच धरला आहे. सर्वांना धास्ती असते समुद्राची. परंतु धार किंवा देवासहून निघालेला कंटेनर खलघाटास नर्मदा ओलांडून, सेंधव्यापुढील बिजासन घाट उतरून, धुळे-नाशिकमार्गे कसाऱ्याचा घाट उतरतो आणि मग न्हावाशेवा बंदरास लागतो. आमच्या त्या गिअरबॉक्सने आसनाची पाठ मोडली ती पुढच्या दिशेने. हे काम लाटांपेक्षा घाटातील ब्रेकचे असावे, असा आमचा तर्क आहे.

मग सामान ठेवावे कोठे? उत्तर कंटेनरच्या मापातच आहे. वीस फुटी कंटेनरची आतील लांबी सुमारे ५.९ मीटर, अँबॅसडरची लांबी सुमारे ४.३ मीटर. दीड मीटर जागा मोकळी राहते आणि तिचे भाडे आपण दिलेलेच असते. या जागेत एक भक्कम लाकडी पेटी करावी, तिच्या तळाशी आडव्या तुळया घालून इंजिन आणि गिअरबॉक्स त्यांस बोल्टने जखडावेत, आणि पेटी व मोटार यांच्यामध्ये उभा-आडवा लाकडी अडसर द्यावा. दीड टनाचे लोखंड घेतले तरी कंटेनरास त्याचे काहीच वाटत नाही. तो वीस टनांहून अधिक वाहण्यासाठी बनविलेला असतो. पेटीचे लाकूड मात्र गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णतेत ३० मिनिटे तापविलेले आणि गव्हाच्या ओंबीचा आंतरराष्ट्रीय छाप असलेले हवे. वखारीतील फळ्या ठोकून केलेली पेटी परदेशच्या बंदरात अडते, कारण लाकडातील कीड ते देश आत येऊ देत नाहीत. (ज्या समाजात जीवदयेचा विचार घरोघर होतो, त्यात या नियमाविषयी दोन मते होतील, परंतु पर्याय हवा असल्यास प्लायवुडची किंवा लोखंडी पेटी करता येते.)

कंटेनरची आतील रुंदी सुमारे २.३५ मीटर आहे. मोटार आत घेतल्यावर दोन्ही अंगांस फूटभरच जागा उरते आणि चालकास दार उघडून बाहेर पडणे कठीण जाते. गाडी ढकलून किंवा दोराने ओढून आत घ्यावी हे बरे. टाकीत पेट्रोल जवळजवळ नसावे, बॅटरीच्या तारा काढून टोके झाकावीत, सुट्या इंजिनातील तेल निथळून घ्यावे. तेल-पेट्रोल राहिलेले इंजिन जहाजावर धोक्याचा माल ठरते. घासकाम केलेल्या पृष्ठभागांस ग्रीस लावावे आणि पेटीत आर्द्रता शोषणाऱ्या पिशव्या ठेवाव्यात. मालव्याच्या कोरड्या हवेत बंद केलेला कंटेनर समुद्रावर आतून घामेजतो. मोटार चालवत चढविण्या-उतरविण्याची जी खास जहाजे असतात, त्यांवर तर गाडीत सुटे सामान ठेवूच देत नाहीत. जड भाग सोबत न्यावयाचे असल्यास कंटेनर हाच मार्ग.

दुसरी गोष्ट कागदाची. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन दिल्यावाचून तो जहाजावर चढत नाही आणि हे वजन खरे असण्याची जबाबदारी माल पाठविणाऱ्यावर आहे. धरमकांट्यावर भरलेला कंटेनर तोलावा, किंवा प्रत्येक वस्तू तोलून त्यात कंटेनरचे वजन मिळवावे, असे दोन मार्ग आहेत. आम्ही दुसरा पसंत करतो, कारण त्यात प्रत्येक भागाचे वजन आपोआप लिहिले जाते आणि तीच यादी बीजकास जोडता येते.

यादीत प्रत्येक भागास त्याचे स्वतःचे सदर हवे. जगभरच्या जकात-खात्यांत मोटार ८७०३ या सदरात येते. गिअरबॉक्स ८७०८ मध्ये. पेट्रोल इंजिन ८४०७ मध्ये. कमानी आणि त्यांचे पाटे ७३२० मध्ये. टायर ४०११ मध्ये. भागांवरचा कर मोटारीवरच्या करापेक्षा निराळा असतो आणि पुष्कळदा अधिक असतो. इंग्लंडचेच उदाहरण पाहा. तीस वर्षांहून जुनी, मूळ स्थितीतील आणि आता बनत नसलेली मोटार तेथे संग्राह्य वस्तूंच्या ९७०५ या सदरात बसू शकते. तसे झाल्यास आयात-शुल्क नाही आणि मूल्यवर्धित कर ५ टक्के. सुट्या भागांस ही सवलत गाडीत ठेवल्याने मिळत नाही. त्यांचा कर त्यांच्या सदराप्रमाणे, आणि मूल्यवर्धित कराचा सामान्य दर तेथे २० टक्के आहे. म्हणून न लिहिलेला गिअरबॉक्स अधिकाऱ्याच्या दृष्टीने विसरलेला नसतो, लपविलेला असतो. आपल्याकडेही १९६२च्या जकात कायद्याचे ११३ वे कलम नोंदीशी न जुळणारा निर्यात-माल जप्त करण्याचा अधिकार देते आणि ११४ वे कलम दंडाचा.

येथे आम्हांस आपल्या घरचीच एक गोष्ट आठवते. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत राज्याच्या नियमांचे उल्लंघन आणि कमीअधिक मापे हे दोन आहेत. धारजवळच्या नालछा येथे तेराव्या शतकात पंडित आशाधरांनी गृहस्थाच्या आचाराविषयी ग्रंथरचना केली, ती व्यापारउदीम करणाऱ्यांच्याच वस्तीत. बीजकावरची एक ओळ गाळणे हा त्या सूक्ष्म हिशेबात कोठे बसतो, हे आम्ही ती ओळ गाळली त्या दिवशी मनाशी विचारावयास हवे होते.

ऑस्ट्रेलियाकडे पाठविणाऱ्यांनी एक निराळीच काळजी घ्यावी लागते. ३१ डिसेंबर २००३ पासून त्या देशात अ‍ॅस्बेस्टॉस असलेली कोणतीही वस्तू आणण्यास बंदी आहे. जुन्या साठ्यातील ब्रेक-लायनिंग, क्लच-प्लेट आणि गॅस्केट यांत ते हमखास सापडते. आणि आपल्या दुकानांच्या माळ्यांवर नेमका हाच माल पडलेला असतो! गाडीत बसविलेले भागही तपासले जातात. चाकांच्या आतील माती धुऊन काढावी लागते ती निराळीच. अमेरिकेत पंचवीस वर्षांहून जुन्या मोटारीस तेथील सुरक्षा-नियमांतून सूट आहे.

विम्याविषयी दोनच गोष्टी सांगतो. सर्व जोखमींचा म्हणून घेतलेला सागरी विमासुद्धा अपुऱ्या बांधणीने झालेले नुकसान भरून देत नाही. आमच्या प्रकरणात हेच झाले. गिअरबॉक्स नीट बांधलेला नव्हता, आणि विमापत्रात त्याचे नावही नव्हते. दुसरी गोष्ट सामायिक हानीची. जहाज संकटात सापडले आणि ते वाचविण्यासाठी खर्च झाला, तर त्याचा वाटा जहाजावरील प्रत्येक मालधन्यास द्यावा लागतो, त्याचा स्वतःचा माल सुखरूप असला तरी. २०२१च्या मार्च महिन्यात ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुवेझ कालव्यात सहा दिवस रुतले, तेव्हा त्याच्या मालकांनी अशी हानी जाहीर केली आणि हमी दिल्यावाचून कोणाचा कंटेनर सुटेना. पुढल्याच वर्षी ‘फेलिसिटी एस’ हे जवळजवळ चार हजार मोटारी घेऊन जाणारे जहाज आगीनंतर अझोर्स बेटांजवळ बुडाले. विमा असल्यास ही दोन्ही ओझी विमा कंपनी उचलते. जुन्या मोटारीची किंमत विमापत्रात मूल्यांकन करून आधीच ठरवून घ्यावी आणि भागांची किंमत त्यांच्या यादीप्रमाणे लिहावी. कर वाचविण्यासाठी किंमत कमी दाखविली तर भरपाईही तेवढीच मिळते.

जकात-तपासणी न्हावाशेव्यास करण्याऐवजी पीथमपूरच्या कंटेनर-आगारात करून घेता येते. आमच्या मते तेच सोयीचे. अधिकाऱ्यांसमोर पेटी उघडून दाखविता येते, आपला मिस्त्री हजर राहतो, आणि एकदा मोहोर लागली की बंदरात सहसा पुन्हा उघडण्याचे काम पडत नाही. कंटेनर बंद करण्यापूर्वी पट्टे, अडसर, पेटी आणि मोहोरेचा क्रमांक यांची छायाचित्रे घ्यावीत आणि ती माल घेणाऱ्यास आधीच पाठवावीत.

माल पोहोचल्यावर त्याने प्रथम मोहोरेचा क्रमांक ताडून पाहावा. वरून दिसणारे नुकसान असल्यास ताबा घेतानाच लेखी कळवावे. आतील नुकसान तीन दिवसांच्या आत कळवावे. जहाज कंपनीविरुद्ध दाव्याची मुदत एक वर्षाची असते. लेस्टरच्या त्या मुलास आम्ही हे सांगितलेच नव्हते. त्याने पत्र धाडले ते पाचव्या आठवड्यात. पुढे आम्ही त्याला आसनाची चौकट आणि कमानीचा एक जोड पाठविला, निराळ्या पेटीत, वजन आणि सदर लिहून. ती पेटी कोणी अडविली नाही.